न दुखणारा पाय

माझ्या हातून घडलेला अपराध आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. देवाच्या नावावर मी एक खोटी गोष्ट दोन-तीन महिने गावभर सांगत फिरले. ती खोटी आहे हे मला ठाऊक नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल. मोठ्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी, श्रावणातल्या एका सोमवारी मी सोलापूरच्या अडुसष्ट लिंगांचं दर्शन अनवाणी पायांनी केलं. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापलेली ही लिंगं. काही देवळात आहेत, काही शेताच्या बांधावर, काही तर कुणाच्या परसात, आणि सगळी करायची म्हटली की उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत चालावं लागतं. मी तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेली, प्राथमिक शाळेत शिकवणारी बाई. घरी मी आणि आमचे हे, दोघंच. हे गिरणीच्या कचेरीत कारकून होते आणि देवधर्माच्या बाबतीत त्यांचं म्हणणं असं की, घरात एक माणूस एवढं करतंय तर दुसऱ्याने पुन्हा कशाला करायचं.

त्या संध्याकाळी मी घरात शिरले आणि हे एकदम उठून उभे राहिले. शहाबादी फरशीवर माझी पावलं उमटली होती, डावी धुळीची आणि उजवी रक्ताची. पाय वर करून पाहिलं तर अंगठ्यामागच्या उंचवट्यात बाभळीचा काटा मुळापर्यंत रुतलेला. कोणत्या लिंगापाशी रुतला कोण जाणे, त्यावर मी दिवसभर चालले होते. ह्यांनी चिमट्याने तो उपटला तेव्हाही मला काही झालं नाही. मग काय, मला आकाश ठेंगणं झालं. सिद्धरामाने मला दुखू दिलं नाही, असं मी ज्याला त्याला सांगत सुटले. शेजारच्या दोन बायका येऊन माझ्या त्या पावलाला हात लावून नमस्कार करून गेल्या आणि मी तो करू दिला. जखमेत मी भस्म भरलं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं असं मला वाटलं.

दिवाळी आली तरी जखम भरली नाही. उलट तिच्या कडा पांढऱ्या पडल्या आणि मोज्याला पिवळट डाग पडू लागला. शेवटी ह्यांनी मला जवळजवळ ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, टाचणी टोचतो, टोचली की सांगा. मी डोळे मिटून वाट पाहत राहिले. बराच वेळ झाला तसा माझा स्वभाव उफाळून आला आणि मी म्हटलं, "टोचा ना, मग सांगते." डॉक्टर म्हणाले, "बाई, चार वेळा टोचून झालं."

रक्तात साखर निघाली. ती किती वर्षांपासून होती कुणास ठाऊक, पण तिने माझ्या तळव्यांतली जाणीव हळूहळू खाऊन टाकली होती. डॉक्टरांनी हे सगळं शांतपणे समजावलं. मी मान हलवत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे त्या दोन बायका उभ्या होत्या, वाकून नमस्कार करणाऱ्या. माझा चमत्कार म्हणजे माझा रोग होता. त्या दिवसापासून माझी पूजाच बिघडली. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात असतं ते लिंग रोज सकाळी तळहातावर घ्यायची, भस्म लावायची, बेल वाहायची, पण मनात काही उमटेना. पायाइतकंच आतही बधिर झालंय असं वाटे. ह्यांना हे मी सांगितलं नाही, कारण त्यांनी ऐकून घेतलं असतं आणि तेच मला सहन झालं नसतं.

इंजेक्शनं सुरू झाली, साखर थोडी ताब्यात आली, तरी जखम मात्र हटवादी. दिवसाआड पट्टी बदलायची, आणि दर वेळी कंपाउंडर पट्टी सोडायला लागला की माझा जीव टांगणीला लागायचा. डॉक्टरांनी पायावर भार देऊ नका म्हणून बजावलं होतं. त्यांचं चुकलं नाही, चूक माझी. दुखणाऱ्या पायाला माणूस आपोआप जपतं, पण न दुखणाऱ्याला कसं जपायचं हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. मी शाळेत चालत जायची, फळ्यापुढे उभी राहायची, बाजार करायची. संक्रांतीनंतर अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. उन्हाळा लागेपर्यंत जखम रुपयाएवढी आणि खोल झाली होती. मग मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की आता गुडघ्याखालून पाय काढलेला बरा, नाहीतर विष वर चढेल. आठ दिवसांनंतरचा मंगळवार ठरला. दारावर पाटी लावल्यासारखा तो मंगळवार मला जागोजागी दिसू लागला.

त्याच दवाखान्यातले एक तरुण डॉक्टर आम्हाला बाहेर व्हरांड्यात गाठून म्हणाले, कापण्याआधी एक करून पाहा. गावाबाहेर कुष्ठरोग्यांचा दवाखाना आहे, तिथे असल्या जखमांवर प्लास्टर घालतात. त्या लोकांच्या पायांनाही कळत नाही आणि तुमच्याही नाही, म्हणजे जखमेची जात एकच. प्लास्टरने पायाचा भार सगळीकडे सारखा वाटला जातो आणि जखमेला विसावा मिळतो. माझ्या अंगाची लाही झाली. महारोग्यांच्या दवाखान्यात मी? जिच्या घरी जंगम, म्हणजे आमचे गुरू, येतात, त्यांचे पाय धुवून ते पाणी तीर्थ म्हणून घेतलं जातं, तिने तिथे जायचं? पाय गेला तरी चालेल, असं मी ह्यांना ठणकावून सांगितलं. शुक्रवारी सकाळी मात्र दारात टांगा उभा होता. मी बोलायला तोंड उघडलं तर हे म्हणाले, "साकू." आमच्या घरात भांडण संपवायचं असलं की कन्नडच वापरतात, साकू म्हणजे पुरे. मी टांग्यात बसले आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, कुणी पाहू नये म्हणून.

तिथल्या डॉक्टरांनी जखम तपासली, सडका भाग काढला, काही दिवस तिथेच पडून राहायला लावलं. तो मंगळवार आला आणि गेला, मी तिथल्या खाटेवर होते. जखम स्वच्छ झाल्यावर मला प्लास्टरच्या खोलीत पाठवलं. तिथे एक चाळिशीचा माणूस होता, त्याला सगळे तात्या म्हणायचे. जेऊरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. रोग बरा होऊन बारा वर्षं झाली होती, पण घरच्यांनी परत घेतला नाही म्हणून तो तिथेच कामाला राहिला होता. त्याच्या दोन्ही हातांची बोटं झिजून नुसते खुंट उरले होते. त्याने पत्र्याच्या घमेल्यात पाणी आणलं, कोपर बुडवून ते किती गरम आहे पाहिलं आणि माझा पाय धरायला हात पुढे केला. मी पाय मागे घेतला.

"भिऊ नका, बाई," तो म्हणाला. "माज्यापासनं आता कुणाला काय लागत न्हाय. पर तुमाला नको वाटत आसंल तर हातमोजे घालतो की."

त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच मला जास्त लागलं. मी पाय पुढे केला. त्याने तो धुतला, पुसला, जखमेवर जाळीची पट्टी ठेवली आणि ओल्या प्लास्टरचे पट्टे गुंडाळायला घेतले. पट्टे सोडायला दुसरी एक बाई होती, पण ओलं प्लास्टर पायावर बसवण्याचं काम एकट्या तात्याचं. तो ते दोन्ही तळव्यांनी चोपत, सारवल्यासारखं फिरवत होता. माझी नजर त्याच्या हातांवर खिळली आहे हे त्याने ओळखलं असावं. म्हणाला, "ह्ये काम बोटांचं न्हवं. बोटं लागली की वल्या प्लास्टरला खड्डे पडत्यात, आन् वाळल्यावर त्येच खड्डे आतनं कातड्याला खात्यात. नव्या डॉक्टरांना ह्येच शिकवावं लागतं. मला काय, बोटंच न्हाईत, मग खड्डे कशानं पडणार?" आणि तो हसला. प्लास्टर धरेपर्यंत माझी टाच त्याने डाव्या तळहातावर तोलून धरली होती, हलू न देता, खाली मान घालून. मी रोज सकाळी लिंग घेऊन तशीच बसायची. पण त्याच्याइतकं लक्ष माझं कधी लागलं होतं, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

प्लास्टरच्या तळाला रबराची टाच बसवून मला घरी पाठवलं. तीन आठवडे उघडायचं नाही. शाळेत मी सांगितलं की पाय मुरगळून हाड मोडलं. सगळ्यांनी हळहळ केली, कुणी खुर्ची आणून दिली, आणि ती हळहळ मी बिनदिक्कत घेतली. खरा जाच घरी होता. इतके महिने मी ती जखम दिवसाआड पाहत आले होते, आणि आता ती भिंतीआड गेली. जखमेला वारा लागला पाहिजे, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. शेजारीण येऊन म्हणायची, अहो, आत सडत असेल! बाराव्या दिवशी तळाशी ओला डाग उमटला. मग वास सुटला. गोडसर, कुजका, जेवणाच्या ताटापर्यंत येणारा. ह्यांनी खिडक्या उघडल्या पण तक्रार केली नाही. मी उदबत्त्या लावल्या, त्यामुळे तर तो वास आणखी जड झाला.

चौदाव्या दिवशी, रविवारी दुपारी, माझा धीर सुटला. हे माजघरात पडले होते. मी खलबत्त्यातला बत्ता घेतला, पाय पाटावर ठेवला आणि घोट्यापाशी पहिला घाव घातला. प्लास्टरला बारीक तडा गेला. दुसरा घाव घालायला हात वर केला तेव्हा बाहेरून कुणीतरी हाक मारली, "बाई हायत का घरात?" दारात तात्या उभा होता. उंबऱ्याच्या बाहेर, दोन पायऱ्या खाली. चपलांसाठी रबर आणायला तो गावात आला होता. रविवार म्हणून दुकान बंद निघालं, बसला वेळ होता, आणि आमची पेठ वाटेत म्हणून विचारत विचारत आला, एवढंच. मी याला काही नाव देत नाही. एकदा नाव देऊन माझी फजिती झालेली आहे.

त्याने माझ्या हातातला बत्ता पाहिला आणि तडाही पाहिला. विचारलं, वास येतोय का? मी रडत हो म्हटलं. "त्यो येणारच की," तो म्हणाला. "जखम भरताना पाणी सोडती, त्ये जागच्या जागी नासतं. ताप हाय का? जांघेत गाठ आलीया? न्हाय ना? मग वासाला भिऊन मोडू नका. मोडायचं तर आमाला सांगा, आमी मोडू. पर बघायची हौस म्हणून उघडू नका, बाई. तुमी बगितल्यानं ती भरत नसती." तोवर हे उठून आले होते. तात्याने त्यांच्याकडे पाणी मागितलं.

आमच्या दाराशी कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा, बाहेरच्यांसाठी. ह्यांचा हात आधी घरातल्या तांब्या-भांड्याकडे गेला, मग थबकला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले असते तर तेवढ्याने झालं असतं. मी मान खाली घातली. तात्याच्या ते सगळं ध्यानात आलं असणार, कारण तोच म्हणाला, "भांडं नको, सायेब, वरनं वता." त्याने ओंजळ केली. पण बोटांशिवाय ओंजळ कसली? पाणी तोंडाशी जाईपर्यंत अर्ध्याहून अधिक कोपरांवरून सांडत होतं. ह्यांनी तांब्या रिकामा केला, दुसरा भरून आणला. तात्या धोतराने तोंड पुसून निघून गेला. मी पाटावर तशीच बसून राहिले, त्या माणसाच्या हातचं प्लास्टर पायात घालून.

तीन आठवडे झाल्यावर करवतीने प्लास्टर कापलं. मी डोळे मिटले होते. तात्या म्हणाला, "बगा आता." जखमेचा खड्डा भरून आला होता, तळ लालभडक, ओला, जिवंत. रुपयाची चवली झाली होती. मग दुसरं प्लास्टर, मग तिसरं. पावसाळा लागता लागता तिथे गुलाबी, पातळ कातडं होतं आणि जखम नव्हती. हे पाठ करून उभे राहिले आणि चष्मा पुसू लागले. मला मऊ रबराच्या, खिळे नसलेल्या चपला दिल्या. रोज संध्याकाळी पाय भिजवून, आरशात तळवा पाहून, तेल लावायचं, आणि आता देवळातही अनवाणी जायचं नाही, असं बजावलं. मी सगळ्यांना हात जोडले. निघताना तात्या घमेलं उचलायला वळला तेव्हा त्याच्या उजव्या पायाच्या बुटातून ओलं झालेलं फडकं डोकावताना दिसलं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, जुनी जखम हाय. मग प्लास्टर का घालत नाही? "मी प्लास्टर घालून बसलो तर हितं उभं कोण ऱ्हाणार, बाई? रोज आठ-धा पाय येत्यात." मी म्हटलं, काळजी घ्या हो. आणि टांग्यात येऊन बसले.

पुढच्या वर्षी चपलेचा पट्टा तुटला म्हणून तिथे गेले. तात्या स्टुलावर बसून प्लास्टर चोपत होता. उजवा पाय गुडघ्याखालून नव्हता. माझा उजवा राहिला, त्याचा उजवा गेला. मी तशीच बाहेर आले आणि थेट तळ्याकाठच्या सिद्धेश्वराच्या देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. चपला घालून आत जाता येत नव्हतं आणि काढता येत नव्हत्या. तिथे बसून मी देवाला कन्नडमध्ये जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ज्याने उभं राहून माझा पाय वाचवला त्याचाच पाय तुला घ्यायला मिळाला का, असं त्याचं सार. संध्याकाळ होत आली, तळ्यावर वारा सुटला, माणसं दर्शन घेऊन माझ्या शेजारून उतरत राहिली. मग रडता रडता मला कळलं की दीडेक वर्षाने आज पहिल्यांदा मी देवाशी बोलले होते.

शाळा शनिवारी सकाळचीच असते. त्या शनिवारी दुपारी मी प्लास्टरच्या खोलीत गेले आणि म्हटलं, मला शिकवा. तात्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मग माझ्या हातांकडे. "लई बोटं हायत तुमाला," तो म्हणाला. तेव्हापासून शनिवार माझा तिथलाच. शाळेत मी सांगून टाकलं की माझं हाड कधीच मोडलं नव्हतं, आणि प्लास्टर कुठे घातलं तेही. एक बाई आता माझ्या शेजारी बसून डबा खात नाहीत. दाराशी ठेवलेला तो कप मी फेकून दिला, पण फेकल्याने ती दुपार पुसली जात नाही. तात्याची मी माफी मागितली तेव्हा त्याला तो प्रसंग आठवत नव्हता, किंवा आठवत नाही असं त्याने दाखवलं.

या महिन्यात त्याच्या डाव्या पायाला, उरलेल्या पायाला, जखम झाली. या वेळी डॉक्टरांनी त्याचं काही ऐकलं नाही आणि लगेच प्लास्टर ठरवलं. तात्या म्हणाला, बाई घालतील. "बोटं उचला, बाई, बोटं उचला," तो खालून ओरडत होता, आणि मी तळव्यांनी ते पांढरं, कोमट ओझं त्याच्या पायावर बसवत होते. पुढच्या गुरुवारी ते उघडायचं आहे. परवा पाहून आले, तळाशी डाग आहे आणि वासही आहे. ताप नाही. आत काय चाललंय ते मला माहीत नाही, त्यालाही नाही. पूर्वीची मी असते तर सिद्धरामाकडे त्या पायासाठी हट्ट धरला असता, एखादा नवस बोलले असते. आता रोज सकाळी लिंग हातावर घेते आणि फक्त एवढंच म्हणते की तुला दिसतंय ना, तेवढं पुरे. देवाने मला पाय दिला की तात्या दिला, हे मला सांगता येत नाही, पण ज्याने दिलं त्याच्यापुढे मी वाकले आहे. गुरुवारी मी शाळेतून रजा घेतली आहे. करवत तात्या मलाच धरायला लावणार आहे.